गळा फुगलेली पिवळी आणि बांध कोरणारा काळा

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, कामापुरतं देतो.

"मुलगा जूनमध्ये पुण्याला शिकायला गेला आणि त्याची तीन फुटी माशांची टाकी माझ्या गळ्यात पडली. आफ्रिकन सिक्लिड म्हणून घेतलेले आठ रंगीत मासे, एक लाल पॅरट आणि काचेला चिकटणारा एक सकर, असे दहा होते. पाणी पिवळट दिसायला लागलं म्हणून गेल्या महिन्यात सगळं उपसलं. दगड, वाळू, फिल्टरचा स्पंज, सगळं भांड्यांच्या साबणाने घासलं आणि माशांना चांगलं पाणी मिळावं म्हणून प्यायच्या पाण्याचे सात जार मागवून टाकी भरली. आठवड्याभरात तीन मासे गेले. आता एक पिवळा मासा बारा दिवस झाले काही खात नाही, गळा सुजलाय, दगडामागे बसून असतो. दुसरा एक पट्ट्यांचा, तो आधी पिवळा होता, आता काळा पडत चाललाय, आणि तोच सगळ्यांच्या शेपट्या फाडतो. मुलगा फोनवर म्हणतो औषध टाक. दुकानदार म्हणतो मीठ टाक. खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, काळ्या खणीत सोडून या आणि मोकळ्या व्हा. काय करू?"

ताई, आधी त्या पिवळ्याचं बोलू. म्हणजे पिवळीचं. औषधाची बाटली आणली असेल तर ती तशीच फडताळात ठेवा. तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्री आहे की तिच्या तोंडात पिल्लं आहेत.

'बारा दिवस खात नाही' आणि 'गळा सुजलाय' ही दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचली आणि मी पत्र खाली ठेवून हसलो. माझ्याकडे पहिल्यांदा हे झालं तेव्हा मीही माशाच्या गळ्याला गाठ आली म्हणून साताऱ्यातली दुकानं पालथी घातली होती. लिंबासारखा पिवळा आणि पाठीच्या परावर काळी रेघ असा मासा असेल तर दुकानात त्याला यलो लॅब म्हणतात. मूळचा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा. या जातीत मादी अंडी घालते आणि तिथल्या तिथे वळून ती तोंडात भरते. नर शेजारीच घुटमळत असतो. अंडी तोंडातच फळतात, तोंडातच फुटतात, आणि पिल्लं आपली आपण पोहण्याजोगी होईपर्यंत बाई तोंड मोकळं करत नाही. साधारण तीन आठवडे, पाणी गार असलं तर चारही. तेवढे दिवस तिच्या पोटात जवळजवळ काही जात नाही. आपण निर्जळी एकादशीला दुपारी चारपासून घड्याळ बघतो.

खात्री करून घ्या. संध्याकाळी टाकीचा दिवा बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मोबाइलचा टॉर्च काचेच्या बाजूने तिरका धरा. तोंडावर मारू नका, बिथरेल. तिच्या हनुवटीखालची कातडी ताणून झिरझिरीत झालेली दिसेल. जबडा पुरता मिटलेला नसतो. आणि दर थोड्या वेळाने ती पान चघळल्यासारखं तोंड हलवते. आतली पिल्लं उलटीपालटी करून सगळ्यांना ताजं पाणी लागावं म्हणून ती खटपट चालू असते. अंडी नवी असताना ज्वारीच्या दाण्याएवढी, पिवळी-केशरी दिसतात. तुमचे बारा दिवस झालेत, म्हणजे आता अंडी उरली नसणार. खाली पिवळ्या बलकाची पिशवी आणि वर दोन काळे डोळे, अशी पिल्लं असतील. नशिबात असेल तर जबड्याच्या फटीतून एखादा डोळा तुमच्याकडे बघताना दिसेल.

खरोखर आजारी मासा वेगळा ओळखू येतो. त्याचा गळा नाही, पोट फुगतं. कल्ले भराभर हलतात, विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत राहते आणि खाणं नाकापुढून गेलं तरी तो ढुंकून बघत नाही. तोंडात पिल्लं असलेली मादी मात्र खाणं पडलं की पुढे येते, बघते, आणि जड मनाने मागे फिरते. तुमची पिवळी असं करत असेल तर निर्धास्त राहा. पोटच फुगलेलं दिसलं तर मात्र वाट बघत बसू नका. मासे पाळणारे त्याला ब्लोट म्हणतात, त्यात दोन-चार दिवसांत खेळ आटोपतो. जाणत्या माणसाला त्याच दिवशी दाखवा.

आता, अशी मादी वेगळ्या टाकीत काढावी असं तुम्हाला कोणीही सांगेल. ज्याला जाळीचा हात बसलाय त्याच्यासाठी ते बरोबर आहे. पण नवख्या माणसाने जाळी घेऊन पाठलाग केला की घाबरून ती पिल्लं थुंकते, नाहीतर गिळून टाकते. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तिला हलवू नका. काळ्याला हलवा.

तो काळा पडतोय हा रोग नाही, त्याची बढती झालीय. वर्णनावरून तो ऑरेटस असावा, तोही मलावीचाच. या जातीत माद्या आणि लहान मासे सोनेरी पिवळे, अंगावर काळे-पांढरे पट्टे. नर वयात आला आणि टाकीत त्याचा शब्द चालायला लागला की रंग उलटतो. अंग काळपट, पट्टे फिके निळसर. जुन्या फोटोची निगेटिव्ह असायची ना, तसा. दोन इंचाचा सोनेरी मासा दुकानात बघून कोणीही भुलतं, तुमचा मुलगा भुलला तर नवल नाही. पण मलावीच्या लहान माशांतला हा अतिशय भांडखोर गडी आहे.

भांडण कशावरून, हे तुम्हाआम्हाला परक्याने सांगायला नको. बांधावरून. सरोवराच्या काठाच्या खडकांत राहणाऱ्या या माशांना तिथल्या टोंगा भाषेत मबुना, म्हणजे खडकातले मासे, म्हणतात. खडकावर शेवाळाचा पातळ थर असतो आणि त्यावरच यांचं पोट. म्हणजे ज्याच्या ताब्यात खडक, त्याचं रान. प्रत्येक नर आपला दगड, आपली कपार आणि पुढची हातभर वाळू राखून असतो, तोंडाने वाळू उपसून शेजाऱ्याच्या हद्दीत टाकतो, आणि हद्दीत शिरणाऱ्याला, त्यातही आपल्यासारख्या रंगाच्या नराला, हाणतो. सरोवरात हरलेला मासा चार वाव लांब पळाला की प्रकरण मिटतं. तुमच्या तीन फुटांत पळून पळून जाणार कुठे? काचेवर आपटून परत त्याच्याच शेतात. त्यातून तुमचे मासे आठाचे पाच झाले. गर्दी असते तेव्हा मार वाटला जातो. मोजके उरले की एकाच्याच पाठी लागतात. मबुना पाळणारे मुद्दाम टाकी जरा भरलेली ठेवतात ते याचसाठी. अर्थात फिल्टर तेवढा दणकट असेल तर.

त्याला पकडायची एक युक्ती सांगतो. जाळी नको, दगड तर अजिबात हलवू नका, पिवळी तिथेच दडलीय. बिस्किटांची रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी असते, ती नुसत्या पाण्याने स्वच्छ धुवा, मानेला सुतळी बांधा, आत चार दाणे खाणं टाकून वाळूवर आडवी ठेवा. आदल्या दिवशी टाकीत काही घालू नका. पहिला कोण शिरेल? तोच. बाकी कोणाची हिंमत नसते. शिरला की सुतळी ओढून बरणी उभी करायची. एकदा चुकलात तर तासभर थांबून परत ठेवा, तो विसरतो. दुसऱ्यांदा चुकलात तर मात्र दोन दिवस थांबा, कारण तितकाही विसरत नाही.

पंचवीस-तीस लिटरचा प्लास्टिकचा क्रेट किंवा टब घ्या, टाकीतलंच पाणी त्यात भरा, एक छोटा स्पंज फिल्टर आणि पंप लावा, आत एक कौल आडोशाला. खाणं नावापुरतं. पाणी थोडं आहे, त्यामुळे रोज त्यातला पाव हिस्सा बदला. तिथे तो राहू दे, पिल्लं सुटेपर्यंत. ती सुटली की मग टाकीतले दगड नव्याने मांडा आणि दोन दिवसांनी त्याला सोडा. सातबारा कोरा झालेला असतो, सगळ्यांनाच नव्याने हद्दी आखाव्या लागतात आणि हा शेवटी आलेला, त्यामुळे जरा नरमतो. किती दिवस, ते सांगत नाही. मला विचाराल तर ऑरेटस नर तीन फुटांत ठेवूच नये. पाच फुटी टाकीवाला कोणी गाठून देऊन टाका. कोणी नाहीच भेटला तर दुकानात फुकट परत द्या, पैसे मागत बसू नका.

दगडांचा विषय निघालाय तर माझी फजिती सांगून टाकतो. माझ्या पहिल्या मबुनांच्या टाकीत मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सापडलेले छान काळे दगड एकावर एक रचले होते, वाळू अंथरून, त्या वाळूवर. रात्री दोनच्या सुमाराला घरात ठोक्याचा आवाज झाला. चोर आला म्हणून काठी घेऊन बाहेर आलो तर पायाखाली पाणी. माशांनी आठवडाभर दगडाखालची वाळू तोंडातोंडाने उपसली होती, ढीग कलला आणि तळाची काच गेली. खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून सकाळपर्यंत पाणी टपकत होतं. त्या घरातल्या आजी अजून मला 'मासेवाले' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे.

तेव्हापासून आधी दगड, मग वाळू. काचेवर थर्माकोलची पातळ शीट, तिच्यावर मोठे दगड हलवून बघत घट्ट बसवायचे आणि उरलेल्या जागेत वाळू ओतायची. आपल्याकडचा काळा कातळ पाण्यात काही सोडत नाही, बिनधास्त वापरा. जुन्या घराची कौलं, फुटलेल्या माठाचे अर्धे, पीव्हीसी पाइपचे तुकडे, सगळं चालतं. एकच बघायचं. टाकीच्या एका टोकाला उभ्या माशाला दुसरं टोक दिसता कामा नये. दिसलं नाही की निम्मी भांडणं होत नाहीत.

आता पाण्याकडे येऊ. इथे मला तुमच्याशी थोडं कडू बोलायचंय. ते तीन मासे काळ्याने मारले नाहीत. ते स्वच्छतेने गेले.

मासा जे खातो ते अमोनिया होऊन पाण्यात उतरतं, बरंचसं कल्ल्यांतून, थोडं घाणीतून. अमोनिया विष. फिल्टरच्या स्पंजवर जी तपकिरी, बुळबुळीत साय जमते, तिच्यात जिवाणू असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते बरंच निरुपद्रवी असतं. हे जिवाणू म्हणजे टाकीचं विरजण. विरजणाचं भांडं साबणाने घासून उन्हात वाळवलंत आणि दुसऱ्या दिवशी दही का लागलं नाही म्हणालात, तसं झालं. नवं विरजण आपोआप लागायला चार ते सहा आठवडे जातात, आणि तोवर मासे आपल्याच मुतात पोहत असतात. शब्द रांगडा आहे, पण प्रकार तोच. शिवाय दगडाच्या खाचांत राहिलेला साबण थेट कल्ल्यांना लागतो, तो वेगळाच.

त्यावर जारचं पाणी. प्यायच्या पाण्याच्या यंत्रात क्षार जवळजवळ सगळे काढून टाकतात. तुम्ही प्रेमाने केलंत, पण मलावीच्या माशाला ते परकं आहे. त्या सरोवराचं पाणी गोडं असलं तरी अल्कधर्मी, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, पीएच, पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान. क्षार नसलेल्या पाण्याला पीएच धरून ठेवता येत नाही, आज एक, चार दिवसांनी भलताच. माशाने अंगातलं मीठपाणी सांभाळायचं किती आणि कसं?

गंमत बघा. मी साताऱ्यात राहतो, आमच्या भागात कासच्या तलावाचं पाणी येतं. पठारावरचा पाऊस, मऊ पाणी. आंघोळीला साबण लावला की फेस जाता जात नाही. अशा पाण्यात माझे एंजल मासे खूश असतात, तेही तुमच्या माशांसारखे सिक्लिड कुळातलेच, पण ॲमेझॉनकडचे, त्यांना मऊ पाणीच मानवतं. मबुनांसाठी मात्र मला कोकणातून आणलेले शिंपले भरपूर धुऊन, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवावे लागतात, म्हणजे हळूहळू चुना विरघळून पाणी कठीण होतं. आणि तुमच्याकडे सांगलीत बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल दर वर्षी जाते, म्हणून तुम्ही वैतागता. तुमचे मासे त्या थरासाठी आसुसलेत. मलावी सरोवराचा एक भाग १९८४ पासून जागतिक वारसा आहे, आमचं कास पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये त्या यादीत गेलं. दोन्ही वारसे एका टाकीत मात्र नांदत नाहीत.

तर तुम्ही महापालिकेचं नळाचं पाणी वापरा, तेवढं पुरे. नुसतं बोअरचं नको. नदीकाठच्या शेतीपट्ट्यात बोअरला खारटपणा आणि खतांचा अंश असू शकतो. टंचाईच्या दिवसांत निम्मं-निम्मं मिसळलंत तर चालेल. तुमची टाकी छत्तीस इंच लांब, पंधरा रुंद, अठरा उंच असेल असं धरतो, तिन्हींचा गुणाकार करून ६१ ने भागलं की लिटर येतात, १५९. दगड-वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता १४० च्या आसपास, म्हणजे तुमचे सात जार बरोबर. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. एरवी आठवड्यातून एकदा दोन बादल्या काढायच्या, दोन भरायच्या. सध्या मात्र जारचं पाणी हळूहळू बाहेर काढायचंय, म्हणून तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा. एका दमात सगळं बदलायचा मोह होईल. नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादल्या आदल्या दिवशी भरून ठेवा, एअर पंपाची नळी सोडून ठेवलीत तर अजून चांगलं. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन मिळतं, पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की ते घरात असू द्या, कारण त्या दिवसांत क्लोरीनचा हात सढळ असतो. काढायचं पाणी वरून तांब्याने काढू नका. नळीने वाळूतून ओढून घ्या, घाण तिथे बसते. आणि स्पंज धुवायचा तो त्याच काढलेल्या बादलीत, दोनदा पिळायचा, तेवढंच. मळकट दिसला तरी जाऊ द्या. जुनं काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, गुलाब बघत राहाल.

अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट आणाच. तपासणीच्या कागदी पट्ट्यांपेक्षा ते भरवशाचं. दोन्ही शून्य हवेत. तुम्ही धुतल्याला महिना झालाय, म्हणजे विरजण अर्धवट लागलेलं असेल, पण अंदाजाने चालू नका. एक लक्षात ठेवा, पीएच सातवरून आठवर गेला की तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. म्हणजे तुम्ही माशांसाठी नळाचं कठीण पाणी घालायला लागाल आणि आत अमोनिया शिल्लक असेल, तर तेच अंगलट येईल. किटमध्ये रंग शून्याच्या पुढचा दिसला तर खाणं निम्म्यावर आणा आणि तीनच दिवसांनी पुन्हा दोन बादल्या. ओळखीत कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा एक तुकडा ओल्या पिशवीत मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये खोचा. विरजण शेजारून मागायला लाज कसली!

मीठ नको. 'आफ्रिकन म्हणजे खारं' हा दुकानांत पसरलेला समज आहे. सरोवर गोड्या पाण्याचं आहे. यांना हवा तो कठीणपणा चुन्याचा, मिठाचा नाही.

खाण्याचं थोडक्यात. यांतले बहुतेक शेवाळ खरवडणारे मासे, आतडं लांब, पचन सावकाश. किडे, ट्युबिफेक्स म्हणजे दुकानात मिळणारे बारीक लाल कृमी, मांसाचे तुकडे यांनी पोट बिघडतं, तोच तो ब्लोट. स्पिरुलिनाचे, म्हणजे हिरव्या शेवाळाचे दाणे, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपतील एवढेच. अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान, काकडीची चकती. आठवड्यात एक दिवस उपास. घरी येणारे पाहुणे चिवड्यातले पोहे टाकतात, त्यांच्यावर नजर ठेवा. तुम्ही दारात चहा देईपर्यंत मूठभर गेलेले असतात.

पॅरटला मात्र दुसरं घर बघा. तो निसर्गातला मासाच नाही, तैवानमध्ये दोन जातींच्या संकरातून काढलेला. त्याचं तोंड पुरतं मिटत नाही, त्यामुळे त्याला धड चावताही येत नाही. भांडखोर मबुनांत तो फक्त मार खातो. सकरही मोठा झाला की फूटभर आणि त्याहून लांब होतो, काच साफ करण्यापेक्षा घाणच जास्त करतो. दोघांनाही जमेल तेव्हा दुकानात द्या.

आणि काकांना सांगा, काळ्या खणीत नाही, कृष्णेतही नाही. काका मासे खात असतील तर त्यांना चिलापी माहीत असेलच. बाजारात ढिगाने मिळते ती चिलापी म्हणजे तिलापिया, तुमच्या टाकीतल्यांची चुलत बहीण, सिक्लिडच. १९५२ मध्ये आफ्रिकेतली तिलापिया मत्स्यशेतीसाठी म्हणून भारतात आणली आणि ती धरणं-नद्यांत पसरली ती पसरलीच. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात आता काटेरी सकर येतात, जाळी फाडतात, विकले जात नाहीत. कोणाच्या तरी काचेच्या टाकीतूनच त्या जातीचा प्रवास सुरू झाला. आपल्याकडे मूळचे सिक्लिड मोजून तीन, त्यातला एक कोकणात कालुंदर म्हणून ताटात येतो. बाकी सगळे पाहुणे, त्यांनी काचेच्या आतच राहावं.

वीज गेली तर घाबरू नका. खाणं बंद ठेवा, झाकण उघडं टाका, आणि तासाभराच्या वर गेली तर तांब्याने पाणी उचलून वरून धार सोडत राहा. बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो, एक घेऊन ठेवा. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे पाणी तिशीच्या वर जाईल, तेव्हा टाकीवर पंखा. हीटरचं बोलायला अजून थंडी यायची आहे.

आता पिवळीकडे परत. बारा दिवस झालेत, पत्र येऊन छापून होईपर्यंत आणखी काही गेले असतील. एखाद्या सकाळी तिची हनुवटी आत गेलेली दिसेल, ती हडकलेली असेल आणि खाण्यावर तुटून पडेल. तेव्हा दगडांच्या फटीत बघा. सेंटिमीटरभर लांबीची, आईसारखीच पण फिकट, दहा-पंधरा, कधी वीस. पहिलटकरीण असेल तर दोन-चारच निघतात, काही वेळा काहीच नाही, तिनेच गिळलेली असतात. तसं झालं तर मनाला लावून घेऊ नका, दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा बसेल. पिल्लं असलीच तर मोठ्यांचेच दाणे दोन बोटांत चुरून पीठ करा आणि फटींच्या तोंडाशी सोडा. मोठे मासे पिल्लांतली काही खातील. फटी भरपूर असल्या तर काही वाचतील, आणि वाचतात ती चलाख निघतात. बाप कोण ते विचारू नका. मिसळ टाकीत तो काळाही असू शकतो, म्हणून कोणी मागितली तर शुद्ध यलो लॅब म्हणून देऊ नका.

मुलाला फोटो पाठवा, पण पिल्लं सुटल्यावर. आत्ता पाठवलात तर तो पुण्याहून औषधांची नावं पाठवत बसेल.

आणि क्रेटवर झाकण ठेवायला विसरू नका, वर एक वीटही ठेवा. ऑरेटस उडी मारतो.